धरणे आणि सोडणे : मागच्या ब्रेकच्या कॅलिपरचे निदान व दुरुस्ती

मोटारीच्या ब्रेकची परीक्षा तो किती लवकर धरतो यावरून करण्याचा सर्वांचा प्रघात आहे, आणि प्रश्न जीविताचा असल्यामुळे तो प्रघात योग्यही आहे. परंतु ज्या कारागिरांनी वर्षानुवर्षे गाड्यांची चाके उतरवून आतली रचना न्याहाळली आहे, ते ब्रेक किती निमूटपणे सोडतो हेही तितक्याच काळजीने पाहतात. पायाचा दाब निघताक्षणी पॅडने डिस्कवरचा आपला अंमल उठवला पाहिजे, ही अट दिसायला साधी आहे; पण ती पाळली जाण्यासाठी धातू, रबर, ग्रीस आणि तेल या चौघांनी आपापले काम बिनचूक करावे लागते, आणि त्यांतल्या एकानेही कुचराई केली तर ब्रेक धरून बसतो, चाक तापते, गाडी ॲव्हरेज देईनाशी होते आणि गॅरेजमध्ये ‘कॅलिपर जाम झाला’ असा शेरा मिळून गिऱ्हाइकाच्या हातात नव्या कॅलिपरच्या किमतीचे अंदाजपत्रक पडते. तो शेरा पुष्कळदा अपुरा असतो. चाक जाम होणे हे केवळ लक्षण आहे. त्याची कारणे निदान पाच आहेत, आणि त्यांतल्या तिघांचा नव्या कॅलिपरशी काहीएक संबंध नसतो. म्हणून दोष नेमका कोठे आहे याचा निवाडा झाल्यावाचून एकही भाग विकत घेऊ नये, हे या प्रकरणाचे प्रतिपाद्य आहे.

सोडण्याची यंत्रणा

जुन्या ड्रम ब्रेकमध्ये सुटकेची जबाबदारी उघडपणे स्प्रिंगांवर सोपवलेली असते. पॅडल दाबले की ड्रमच्या पोटातले दोन अर्धगोल शू बाहेर फाकून त्याच्या आतल्या पृष्ठभागाला घासतात, आणि पाय उचलला की ताणलेल्या स्प्रिंगा त्यांना ओढून मूळ जागी आणतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींच्या मागच्या चाकांना आजही हीच योजना आहे. डिस्क ब्रेकची कल्पनादेखील फार अलीकडची नव्हे. बर्मिंगहॅमचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. पण तिचा खरा लौकिक झाला तो १९५३ साली, जेव्हा फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार गाडीने पहिला क्रमांक पटकावला. आणि पुढे दोनच वर्षांनी सित्रोएन कंपनीने आपल्या ‘डीएस’ या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देऊन शर्यतीच्या मैदानातली ही युक्ती कुटुंबाच्या मोटारीत आणली. उघड्या डिस्कला वारा लागत असल्यामुळे ती लवकर निवते, पाण्यातून गेल्यावर लवकर कोरडी होते, आणि वारंवार दाबूनही तिची पकड ड्रमइतकी क्षीण होत नाही, असे तिचे गुण आहेत. मात्र या लाभांच्या बदल्यात एक गोष्ट गमवावी लागली : पिस्टनला मागे ओढून आणणारी भक्कम स्प्रिंग सामान्य डिस्क ब्रेकच्या रचनेत राहिली नाही.

तिचे काम आता एका रबरी कड्याकडे आले आहे. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सिलिंडरच्या भिंतीत एक खाच कोरलेली असते, तिच्यात चौकोनी छेदाचे सील बसते आणि ते पिस्टनला चहूबाजूंनी आवळून धरते. तेल बाहेर गळू न देणे हे त्याचे उघड कर्तव्य. पण त्याचे दुसरे कर्तव्य अधिक नाजूक आहे. तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो तेव्हा सील त्याच्याबरोबर किंचित तिरपे ओढले जाते, आणि दाब नाहीसा होताच मूळ आकारावर परतताना पिस्टनला आपल्यासोबत मागे आणते. हे मागे येणे मिलिमीटरच्या काही दशांशांहून जास्त नसते, आणि तेवढ्या अंतरावर पॅडची मुक्तता अवलंबून असते. रबराच्या या सौम्य ओढीला धातूवरचा गंज, कडक झालेला चिखल किंवा फुगलेले दुसरे रबर यांपैकी काहीही आडवे आले, तर तिचे बळ पुरे पडत नाही. ब्रेक लावताना पायाचे, बूस्टरचे आणि तेलाच्या दाबाचे असे मोठे सामर्थ्य पाठीशी असते, त्यामुळे जाम होऊ लागलेला पिस्टनही मुकाट्याने पुढे जातो. परतताना मात्र त्याच्या मदतीला त्या कड्यावाचून कोणी नसते. यामुळेच असा बिघाड ब्रेक लावण्याच्या वेळी दडून राहतो आणि सोडण्याच्या वेळी उघडकीस येतो.

सामान्य मोटारींत कॅलिपर सरकता असतो. पिस्टन केवळ आतल्या बाजूस असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे सबंध शरीर दोन गाईड पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅडही डिस्कला भिडवते. या पिना ब्रॅकेटच्या भोकांत सहज सरकल्या पाहिजेत, आणि पॅडचे दोन्ही कान ब्रॅकेटमधील पोलादी क्लिपांवर मोकळे राहिले पाहिजेत. मागच्या कॅलिपरात बहुधा याखेरीज हँडब्रेकची यंत्रणा अंतर्भूत केलेली असते : पाठीमागच्या आर्मला केबल जोडलेली, आर्म एका दांड्याला बसवलेला, आणि तो दांडा आतल्या स्क्रूच्या द्वारे पिस्टनला पुढे ढकलणारा. पॅड झिजत जातात तसतसा हा स्क्रू आपोआप पुढे येत राहतो, म्हणून अशा पिस्टनला नुसते रेटून मागे नेता येत नाही. फिरवत फिरवत मागे न्यावे लागते. काही गाड्यांत हँडब्रेकसाठी डिस्कच्या पोटात वेगळा लहान ड्रम असतो. तेथे कॅलिपरची रचना पुढच्या चाकासारखीच साधी असते आणि हँडब्रेकच्या बिघाडाचा शोध त्या ड्रममध्ये घ्यावा लागतो.

सुटकेच्या मार्गात अडथळा येण्याची ठिकाणे अशा रीतीने पाच ठरतात : पिस्टन व त्याचे सील, गाईड पिना, ब्रॅकेटमध्ये अडकलेले पॅड, हँडब्रेकचा आर्म व केबल, आणि तेलाचा परतीचा मार्ग.

हा विकार मागच्या चाकांना अधिक का

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात आणि मागच्या ब्रेकना तुलनेने हलके काम उरते. ही सवलत त्यांना मानवत नाही. पुढच्या डिस्क रोज कडक तापून आपला ओलावा उडवून देतात. मागच्या कोमट राहतात, आणि पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल व पाणी त्यांच्यावर येऊन बसते. हँडब्रेकचा दांडा जेथे कॅलिपरमधून बाहेर येतो तेथली लहानशी रबरी कडी म्हातारी झाली, की पाणी आत शिरण्यास आणखी एक वाट मिळते. आणि केबलच्या बाहेरील आवरणाला चीर पडली, तर आतल्या तारा गंजून तेथेच धरून बसतात.

समजा, मुंबईत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी आपली गाडी उन्हाळ्याच्या सुटीनंतर रत्नागिरीच्या घरी ठेवली. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचा अंश असतो. हँडब्रेक ओढलेल्या स्थितीत गाडी चार महिने पत्र्याच्या आडोशाला उभी राहिली. दसऱ्याला ते आले, गाडी सुरू केली. पहिल्याच झटक्याला मागून ‘टक्’ असा आवाज येऊन पॅड गंजलेल्या डिस्कपासून सुटले, आणि ते कुटुंबासह आंबा घाटाने कोल्हापूरला निघाले. साखरप्याला चहासाठी थांबले तेव्हा मागच्या डाव्या चाकाजवळ जळकट वास येत होता, त्या चाकाच्या रिमवर काळी भुकटी इतरांपेक्षा जास्त दिसत होती, आणि चाकाजवळ हात नेला तरी धग लागत होती. उजवे चाक मात्र जेमतेम कोमट होते.

अशा वेळी रिमला किंवा डिस्कला हात लावू नये. भाजण्याइतकी ती तापलेली असू शकते. हात दूर धरूनही डाव्या-उजव्या चाकांतला फरक कळतो, आणि गॅरेजवाल्याकडे लांबून उष्णता मोजणारे यंत्र असेल तर तो आकड्यांत सांगता येतो. एकाच ॲक्सलवरची दोन चाके सारख्या प्रवासानंतर जवळजवळ सारखीच तापली पाहिजेत. एक स्पष्टपणे अधिक तापले असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरतो आहे, किंवा त्या चाकाचे बेअरिंग नादुरुस्त आहे, या दोनच शक्यता मुख्यत्वे उरतात. चाक उचलून फिरवल्यावर येणारी खोलवरची घरघर बेअरिंगची, आणि सुस्कारल्यासारखी घासण होऊन चाक लवकर थांबणे ही ब्रेकची खूण होय.

या धरण्याने होणारी हानी किती, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. पॅडचा डिस्कवरील दाब इतका किरकोळ आहे की चाकाच्या परिघावर सुमारे १०० न्यूटनचा, म्हणजे अंदाजे दहा किलो वजनाइतका, विरोध होतो असे धरू. गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने चालली असेल, तर त्या एका चाकात दर सेकंदाला २,००० ज्यूल उष्णता उत्पन्न होते. न्हाणीघरातला २ किलोवॉटचा गीझर सतत चालू ठेवावा तशी ही गोष्ट आहे, आणि चालवणाऱ्याला पायाखाली तिचा सुगावाही लागत नाही. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी सुमारे एक चतुर्थांशच चाकांपर्यंत पोहोचवते असे मानले, तर एका तासाच्या प्रवासात पाऊण लिटरहून अधिक पेट्रोल केवळ या घर्षणात खर्ची पडते. त्याहून गंभीर परिणाम तेलावर होतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे ‘डॉट ४’ तेल मानकाप्रमाणे निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, पण त्यात पाण्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ‘डॉट ३’ तेलाचे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. सतत तापणाऱ्या कॅलिपरात जुने तेल उकळले तर त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ऐन उतारावर पॅडल फुसकेपणाने खाली जाते. घाट चढताना जी गोष्ट जळकट वासावर निभावली, ती घाट उतरताना प्राणावर बेतू शकते. म्हणून अशी शंका आली असता प्रवास तेथेच थांबवावा, हा सल्ला भित्रेपणाचा मानू नये.

निदानाचा क्रम

गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी, पुढच्या चाकांच्या दोन्ही अंगांस दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, पुढची चाके ओढणारी गाडी असल्यास गिअर टाकून ठेवावा, आणि हँडब्रेक पूर्ण सोडावा. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करून मग कंपनीने नेमून दिलेल्या जागी जॅक लावावा, आणि गाडी उचलल्यावर तिचा भार मजबूत स्टँडवर घ्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली किंवा चाकाच्या जागी शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. या नियमाला अपवाद नाही.

पहिली पायरी चाक हाताने फिरवण्याची. एका सहकाऱ्याकडून पॅडल दोन-तीनदा जोराने दाबवून सोडवावे आणि लगेच दोन्ही मागची चाके फिरवून त्यांची तुलना करावी. गाडी थंड झाल्यावर हा दोष कधी कधी लपून बसतो, म्हणून पॅडल दाबवण्याची ही तजवीज वगळू नये.

दुसरी पायरी हँडब्रेकची. हँडब्रेक सोडलेला असताना दोन्ही कॅलिपरांच्या पाठीमागचे आर्म आपापल्या अडसराला टेकले आहेत का, हे वाकून पाहावे. एका बाजूचा आर्म अडसरापासून दूर राहिला असेल, तर केबलचे टोक त्यातून काढावे. केबल काढताच आर्म आपल्या स्प्रिंगच्या जोराने परत गेला व चाक मोकळे झाले, तर गुन्हेगार केबल होय, मग ती गंजलेली असेल किंवा पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत अवाजवी ताणलेली असेल. केबल काढूनही आर्म जागचा हलला नाही, तर कॅलिपरमधला दांडाच गंजून बसला आहे. आपल्या कल्पित गृहस्थांच्या गाडीत, चार महिने ओढलेल्या हँडब्रेकमुळे, प्रथम संशय येथेच घ्यावा.

तिसरी पायरी तेलाची. पॅडल दाबून सोडल्यावर चाक अडकलेले असतानाच, ब्लीडरच्या, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा काढण्याच्या स्क्रूच्या, तोंडाला पारदर्शक नळी जोडून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे आणि ब्लीडर पाव फेरा सैल करावा. तेलाची चिळकांडी उडून चाक तत्काळ मोकळे झाले, तर पिस्टन निर्दोष आहे. तेल त्याच्यामागे कोंडले गेले आहे. ते कोठे कोंडले गेले हे ठरवण्यासाठी ब्लीडर बंद करून पुन्हा पॅडल दाबवून सोडावे, आणि या वेळी लोखंडी पाईप व रबरी होज यांचा सांधा, पाईपच्या बाजूने, हलकेच ढिला करावा. तेथे चाक सुटले तर दोष त्याच्याही मागे, म्हणजे बहुधा तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या परतीच्या छिद्रात किंवा पॅडलच्या दांड्याला मोकळीक न ठेवण्यात आहे. आणि तसे असेल तर त्याच तेलमार्गावरचे दुसरे चाकही थोडेफार धरत असल्याची साक्ष मिळावी. तेथे सुटले नाही, पण ब्लीडर उघडल्यावर सुटत होते, तर होजच आतून फुगला किंवा त्याचा आतला थर सुटला आहे. असा होज बाहेरून सुस्थितीत दिसतो, पायाच्या जोरावर तेल पुढे जाऊ देतो, पण सीलच्या दुबळ्या ओढीवर ते परत येऊ देत नाही; आणि याच होजपायी कित्येक निरपराध कॅलिपर भंगारात गेले आहेत.

ब्लीडर उघडूनही चाक सुटले नाही तर अडथळा धातूचा आहे, आणि तेव्हाच कॅलिपर उतरवण्याची चौथी पायरी येते. पिनांचे बोल्ट काढून कॅलिपर बाजूला घ्यावा व तारेने स्प्रिंगला किंवा सस्पेन्शनला टांगावा; होजवर लोंबकळू देऊ नये. आता प्रत्येक पिन बोटांनी आत-बाहेर सरकवून पाहावी, पॅड हातोडी न वापरता ब्रॅकेटमधून निघतात का ते पाहावे, आणि दोन्ही पॅडची झीज ताडून पाहावी. बाहेरचा पॅड अधिक झिजला असेल तर ब्रेक सुटल्यावरही कॅलिपर परत सरकत नाही, म्हणजे पिना अडकल्या आहेत, असे बहुधा समजावे. आतला पॅड अधिक झिजला असेल तर पिस्टन किंवा हँडब्रेक मागे येत नाही. आणि एकच पॅड एका टोकाला पातळ व दुसऱ्या टोकाला जाड, असा पाचरीसारखा झिजला असेल, तर दोनपैकी एकच पिन जाम झाली आहे. ही खूण सर्वस्वी निर्णायक नव्हे. पण आधीच्या तीन पायऱ्यांशी ती जुळली की निदान पक्के झाले.

दुरुस्ती

पिनांचा दोष सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्त. अडकलेली पिन मागे-पुढे फिरवत काढावी, जुने कडक ग्रीस पूर्णपणे पुसावे, भोक आतून स्वच्छ करावे; पिनेवर गंजाने खड्डे पडले असतील तर ती घासत न बसता नवी घ्यावी, आणि रबरी बूट फाटलेले असतील तर किटमधले नवे घालावेत. वरची आणि खालची पिन पुष्कळ गाड्यांत निराळी असते, एकीवर रबरी आवरण असते व दुसरीवर नसते, म्हणून त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. ग्रीस मात्र ब्रेकसाठी बनवलेले सिलिकोनचे किंवा तत्सम कृत्रिमच वापरावे. बेअरिंगचे नेहमीचे खनिज ग्रीस येथे घातक आहे, कारण ब्रेकमध्ये वापरले जाणारे रबर खनिज तेलाने फुगते, आणि फुगलेले रबर पिनेला पूर्वीपेक्षाही घट्ट धरते. दुरुस्तीनंतर काही महिन्यांतच तोच दोष परत येण्यामागे पुष्कळदा हे एकच कारण असते. पेट्रोलने किंवा रॉकेलने हे रबरी भाग धुण्याचा रिवाजही याच कारणाने सोडला पाहिजे. ग्रीस पातळ थराने लावावे. भोकात ठासून भरले तर आत हवा व ग्रीस कोंडून पिन बाहेर ढकलली जाते.

पॅडचे कान जेथे बसतात त्या पोलादी क्लिपा काढून त्यांच्याखालचा गंज तारेच्या ब्रशने व कानशीने साफ करावा. क्लिपेखाली गंज फुगला की ती वर उचलली जाते, पॅडची जागा अरुंद होते, आणि नवा पॅडही तेथे अडकतो; त्याला तेथे घासून बारीक करणे हा उपाय नव्हे, जागा साफ करणे हा उपाय आहे. या सफाईत पॅडची भुकटी फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि नव्यांची भुकटीही फुप्फुसाला हितकर नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती टिपावी, आणि नाकावर मास्क बांधावा.

पिस्टनच्या दोषाचा निर्णय त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. बाहेरचे रबरी बूट फाटून पाणी शिरले असेल, तर पिस्टनवर गंजाची रांगोळी दिसते. सील जेथे घासते त्या पट्ट्यात खड्डे पडले असतील तर पिस्टन वाचवण्याच्या भरीस पडू नये. पट्टा गुळगुळीत असेल, तर पिस्टन काढून, खाचेतील कडक थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने खरवडून, नवे सील व बूट ताज्या ब्रेक तेलात भिजवून बसवता येतात. खाचेची ही सफाई फार महत्त्वाची आहे : खाचेच्या तळाशी साठलेला थर सीलला पिस्टनवर आवळून धरतो, आणि त्याची तिरपे होऊन परतण्याची मुभाच हिरावून घेतो. जाम पिस्टन बाहेर काढण्यासाठी हवेचा दाब देणे जोखमीचे आहे. त्याच्या वाटेत आलेली बोटे चिरडली जातात. हँडब्रेकचा दांडा आतून गंजला असेल, तर त्याची आतली स्प्रिंग व स्क्रू खोलण्यास विशेष हत्यारे लागतात, म्हणून तेथे संपूर्ण कॅलिपर बदलणे बहुतेकांना श्रेयस्कर ठरते. मात्र हा निर्णय चार पायऱ्यांच्या शेवटी घेतलेला असावा.

पिस्टन परत बसवताना तो फिरवून आत नेण्याचे हत्यार वापरावे. बहुतेक गाड्यांत तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, पण काहींत डाव्या व उजव्या बाजूंच्या दिशा भिन्न असतात, तेव्हा गाडीचे पुस्तक पाहावे. सी-क्लॅम्पने अशा पिस्टनला रेटले तर आतला स्क्रू कायमचा नादुरुस्त होतो. पिस्टन आत जाताना मागचे मळके तेल उलट वर ढकलू नये. ब्लीडर उघडा ठेवून ते बाटलीत घ्यावे. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा शेवटी अशा स्थितीत आणाव्यात, की पॅडच्या पाठीवरची लहान खुंटी त्यांतल्या एका खाचेत बसेल. विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर स्कॅनरच्या साहाय्याने त्याला प्रथम दुरुस्तीच्या स्थितीत न्यावे लागते. तसे न करता जबरदस्ती केल्यास मोटर व गिअर दोन्ही हातचे जातात.

परीक्षा आणि पथ्य

सर्व जोडणी झाल्यावर बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत, ब्रेकची हवा काढावी, आणि तेलाची पातळी पाहून टाकीचे झाकण लावावे. तेल गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे; ते रंग खाते. त्यानंतर गाडी जागची हलवण्यापूर्वी पॅडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबावे, कारण पिस्टन मागे नेलेला असल्यामुळे पहिले काही दाब रिकामेच खाली जातात, आणि हे विसरून गाडी बाहेर काढणारा पहिल्याच वळणावर ब्रेकविना सापडतो. हँडब्रेक काही वेळा ओढून सोडावा म्हणजे आतला स्क्रू आपली जागा घेईल. केबलचा ताण त्यानंतर, सर्वांत शेवटी, जुळवावा. आधीच केबल ताणून हँडब्रेक ‘कडक’ करून देण्याची पद्धत म्हणजे नव्या दुरुस्तीत जुन्या दोषाची पेरणी होय.

डिस्कची जाडीही मोजावी. तिच्यावर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो. त्याखाली गेलेली, किंवा धगीने निळी पडून तडे गेलेली डिस्क बदलावी, आणि डिस्क व पॅड बदलायचे तर ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, म्हणजे दोन्ही चाके सारखी धरतील. डाव्या पिना गंजल्या असतील तर उजव्याही त्याच पावसात भिजल्या आहेत हे ध्यानात धरून, तक्रार नसली तरी त्या उघडून पाहाव्यात.

पथ्य थोडे आणि सोपे आहे. पॅड बदलण्याच्या प्रत्येक वेळी पिना काढून साफ कराव्यात व नवे ग्रीस लावावे. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी, किंवा कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावे, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. कारण तेल ओलावा शोषते ते गाडी उभी असतानाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळाभर गाडी ठेवायची झाल्यास हँडब्रेक ओढून ठेवू नये. सपाट जागी गिअर टाकून चाकांना ठोकळे लावावेत, आणि घरी कोणी असेल तर आठवड्याकाठी गाडी थोडी पुढे-मागे करवून दोन-चार वेळा ब्रेक दाबवून घ्यावा. एरवी रोजच्या वापरात मात्र हँडब्रेक नियमाने ओढून सोडत राहावे. न वापरलेली केबल वापरलेल्या केबलपेक्षा लवकर गंजते.

दुरुस्ती संपली हे ठरवण्याचा अधिकार शेवटी चाकाचा आहे. काही किलोमीटर जपून चालवून, वाटेत ब्रेक यथास्थित वापरून, पुन्हा दोन्ही मागच्या चाकांची धग तोलून पाहावी, आणि गाडी तापलेली असतानाच चाक उचलून फिरवावे. ते मोकळे फिरले तर काम झाले. परंतु तेवढ्यावर गॅरेजमधून बाहेर पडू नये. कोणता भाग सोडत नव्हता, तो का सोडत नव्हता, आणि त्याचा पुरावा काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिस्त्रीकडून मागून घ्यावीत; चांगला कारागीर ती आनंदाने देतो, काढलेली पिन किंवा कापलेला होज हातात ठेवून दाखवतो. ज्या दुरुस्तीत हे उत्तर मिळत नाही, त्या दुरुस्तीत दोष गेला असेल किंवा तात्पुरता लपला असेल. आणि ब्रेकच्या बाबतीत या दोहोंतला फरक रस्त्यावरच्या अपरिचित माणसांच्याही जिवाशी निगडित असल्यामुळे, उत्तर मिळेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये.